दुखत नाही ना? मग कशाला उकरायचं?

आपल्या पिढीचा ऑफिशियल आजार कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन - पाठ! कुणाच्या खुर्चीला तो काळा जाळीचा सपोर्ट, कुणाच्या ड्रॉवरमध्ये जेलची ट्यूब, कुणी लंचनंतर उभ्यानंच मेल टाइप करतंय... आणि अधूनमधून कानावर येणारी बातमी, ‘अगं, तिच्या भावाच्या मणक्यात स्क्रू टाकले. चौथ्या दिवशी चालायला लागला!’ आपण ‘ग्रेट!’ म्हणतो आणि कॉफी मशीनकडे वळतो.

खरंच ग्रेट आहे ते. फ्रान्सच्या रेमंड रॉय-कॅमिल या सर्जननं १९६३ मध्ये मणक्यात मागून स्क्रू बसवायला सुरुवात केली. त्याआधी मणका मोडलेला माणूस महिनोन् महिने पाठीवर पडून असायचा. आज तोच माणूस आठवड्यात स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातो. स्क्रूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या स्क्रूच्या टोकापुढे काय असतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला माझ्या मामांमुळे.

मामा देगलूरचे. नकाशात शोधलंत तर नांदेड जिल्ह्याच्या अगदी कोपऱ्यात सापडेल. पलीकडे तेलंगण, थोडं खाली कर्नाटक. बाजारात एका दुकानावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू आणि भाव करताना दखनी हिंदी. १९४८ पर्यंत हा सगळा निजामाचा मुलूख होता. त्यामुळे मोठं दुखणं निघालं की इथल्या माणसाचे पाय अजूनही आपोआप हैदराबादकडे वळतात. मामांचं तिथं आडत दुकान आहे. २०१९ मध्ये सोयाबीनच्या सीझनला ते भरलेल्या ट्रकवरून खाली पडले आणि छातीच्या खालच्या भागातला एक मणका दबला. एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू, त्यांना जोडणारे दोन रॉड. संक्रांतीला मामा गल्ल्यावर बसले होते!

आमच्या घरात हा चमत्कारच होता. कारण लातूर-नांदेडकडच्या माणसाला मणका मोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंतींखाली सापडलेल्यांत पाठ मोडलेलेही होते. मामीच्या डोक्यात ‘मणका’ या शब्दापुढे तेच चित्र होतं. त्यामुळे मामा चालायला लागले, तेव्हा तो विषय आमच्यासाठी संपला.

२०२३ मध्ये मामांना खोकला झाला. तोही साधासुधा नाही, महिनाभर हटेना. नांदेडच्या डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. फुप्फुसं ठीक निघाली. पण रिपोर्टच्या शेवटून दुसऱ्या ओळीत एक इंग्रजी वाक्य होतं. मामेभावानं त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली प्रश्न, ‘ताई, अबटिंग म्हणजे काय?’

मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. मास कॉमची डिग्री. पण आमच्या खानदानात पत्रकार म्हणजे पासपोर्टपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं कळणारा प्राणी! तेव्हा ‘अबटिंग’ही माझ्याकडेच आलं. अर्थ साधा आहे - टेकलेलं. डाव्या बाजूला, छातीच्या बारा मणक्यांपैकी दहाव्यातल्या स्क्रूचं टोक हाडाच्या बाहेर येऊन महाधमनीला टेकलेलं होतं.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मेन पाइपलाइन. अंगठ्यापेक्षा जराशी जाड, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. छातीत ती मणक्याला डावीकडून चिकटून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दोन फाटे फोडते. शरीराला लागणारं बहुतेक रक्त तिच्यातूनच पुढे जातं.

आता स्क्रूचं गणित बघा. प्रत्येक मणक्याला मागून पुढे जाणारे हाडाचे दोन छोटे पूल असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. स्क्रू या पुलातून आत शिरतो आणि मणक्याच्या मुख्य ठोकळ्यात रुततो. छातीच्या मधल्या भागात हा पूल काही जणांत चार-पाच मिलिमीटरच रुंद असतो. आतल्या बाजूला मज्जारज्जू, बाहेर फुप्फुसाचं आवरण, पुढे डावीकडे महाधमनी. सर्जन समोर बघत असतो ती सी-आर्म मशीनच्या स्क्रीनवरची सावली. तुळशीबागेतल्या बोळातून फक्त आरशात बघून गाडी काढण्यासारखं आहे ते. अनुभवी हातांकडूनही दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही. कम्प्युटरच्या मदतीनं दिशा दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा आली, तशी ही चूक कमी झाली. संपली मात्र नाही. त्यामुळे स्क्रू बाहेर दिसला म्हणजे लगेच ‘डॉक्टरनं वाट लावली’ असं ओरडण्यात अर्थ नाही.

मग भीती कशाची? ठोक्यांची. हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला महाधमनी किंचित फुगते. समोर धातूचं टोक असेल तर तेवढ्या वेळा तिची भिंत त्यावर घासते. गावाकडच्या जुन्या विहिरीच्या काठावर दोरानं पडलेल्या खाचा पाहिल्यात कधी? मऊ दोरानं दगड झिजतो. इथे तर उलटं आहे, झिजणारी वस्तू मऊ आहे. काही जणांच्या बाबतीत आयुष्यभर काहीच होत नाही. काहींच्या बाबतीत भिंत पातळ होते, रक्त बाहेर झिरपून बाजूला एक पिशवी तयार होते. डॉक्टर तिला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. ती फुटली तर हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. आणि हे ऑपरेशननंतर काही दिवसांत होऊ शकतं, तसंच काही वर्षांनीही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तोपर्यंत दुखत नाही. काहीच जाणवत नाही.

मी हे सगळं फोनवर सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पोरी, आता दुखायलं का? नाही ना? मग कशाला उकरायलाव?”

हा डायलॉग तुमच्याही घरात असेल. आपल्याकडे आजाराची व्याख्याच दुखण्यावरून होते. आपण आजाराला ‘दुखणं’ म्हणतो, यातच सगळं आलं! जे दुखत नाही, ते आजारच नाही. खोकला दोन आठवड्यांत गेला, त्यामुळे मामांच्या दृष्टीनं केस क्लोज्ड. पहिल्या हॉस्पिटलात फोन केला, तर ‘असं असतं बऱ्याच जणांना, राहू द्या’ एवढं उत्तर मिळालं. मामांना आणखी काय हवं होतं?

मामी मात्र झोपत नव्हती. तिनं ‘फुटली तर’ हे दोनच शब्द ऐकले होते. ती रात्री उठून मामांचा श्वास चालू आहे ना, हे बघायची. मला हे खूप नंतर कळलं. शेवटी तिनं साधी अट घातली, “ऑपरेशन करू नका. पण एकदा दाखवून तर या.” दाखवून येणं आणि ऑपरेशन यात फरक आहे, हे मामांना पटलं. मी पुण्याहून नांदेड गाठलं, तिथून देगलूर, आणि मग मदनूर, पिटलम, संगारेड्डी करत आम्ही चौघं हैदराबादला पोचलो. देगलूरपासून दोनशेच्या आसपास किलोमीटर. मामा वाटेत तुरीच्या भावाबद्दल बोलत होते. मुद्दाम.

तिथल्या हॉस्पिटलात पहिल्यांदा एक गोष्ट वेगळी घडली. मणक्याचे सर्जन आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन एकाच टेबलाशी, एकाच स्क्रीनसमोर बसले. हा प्रॉब्लेम दोघांच्या मधल्या फटीत पडतो. मणकेवाला म्हणतो हाड जुळलंय, रक्तवाहिनीवाला म्हणतो माझ्याकडे तर कुणी पाठवलंच नाही! पेशंट मध्येच.

आधी सीटी अँजिओग्राफी झाली, म्हणजे शिरेतून डाय देऊन रक्तवाहिनी उजळवून काढलेला स्कॅन. साध्या एक्स-रेमध्ये हे कळत नाही. तो सपाट फोटो, त्यात स्क्रू नीट जागेवर असल्यासारखा दिसू शकतो. मग मामांना पालथं झोपवून पुन्हा फोटो काढले. का? तर पालथं झाल्यावर महाधमनी थोडी पुढे सरकते. ती स्क्रूपासून सुटी झाली तर नुसती शेजारी आहे, असं मानायला जागा राहते. मामांची सुटली नाही. टोक जिथे टेकलं होतं, तिथे भिंतीला बारीक खळगा दिसत होता. पिशवी नव्हती, गळती नव्हती. पण खळगा होता.

मामांनी तेव्हा जो प्रश्न विचारला, तो मी कुठल्याही प्रेस कॉन्फरन्समध्ये ऐकलेल्या प्रश्नांपेक्षा भारी होता. “डॉक्टरसाहेब, समजा भोक पडलंच असेल, तर आज त्या भोकाला स्क्रूचंच बूच बसलेलं आहे. बूच काढलं की रक्त येणार. मग काढायचं कशाला?”

रक्तवाहिनीचे सर्जन हसले नाहीत. “तुमचा प्रश्न बरोबर आहे,” म्हणाले. “म्हणूनच बूच काढायच्या आधी आतून दुसरं झाकण तयार ठेवायचं.”

त्यांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, काही न करता ठरावीक काळानं स्कॅन करत राहायचं. स्क्रू नुसता जवळ असेल, भिंतीला काही झालेलं नसेल, किंवा पेशंट म्हातारा आणि नाजूक असेल, तर हा रस्ता शहाणपणाचा. दुसरा, डावीकडून छाती उघडायची, महाधमनीला वर-खाली चिमटे लावायचे, स्क्रू काढून भिंत शिवायची. खात्रीचा, पण शरीरावर मोठा घाव. जंतुसंसर्ग झाला असेल तर मात्र बहुधा हाच. तिसरा, जांघेतल्या धमनीतून एक नळी वर न्यायची. तिच्या आत मिटवलेल्या छत्रीसारखा स्टेंट ग्राफ्ट असतो, म्हणजे धातूच्या जाळीवर बसवलेली कापडी नळी. ती स्क्रूच्या समोर आणून ठेवायची, मागून स्क्रू काढायचा, डाय सोडून बघायचं. रक्त बाहेर येताना दिसलं की छत्री उघडायची. आतून अस्तर लागतं, भोक बंद.

हे अस्तर फार जुनं नाही बरं का! १९८७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या खारकीवला निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीच्या अशाच एका अपघातानंतरच्या फुगवट्यात ते बसवलं. बाहेरच्या जगाला त्याची खबर बराच काळ नव्हती. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोटातल्या महाधमनीत ते बसवलं आणि जगभर लाट आली. पाठीच्या ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनीला इजा होणं मात्र त्याहून जुनं आहे. गादीच्या ऑपरेशननंतर पोटातली धमनी आणि शीर एकमेकींत उघडल्याची पहिली केस अमेरिकेत लिंटन आणि व्हाइट या डॉक्टरांनी १९४५ मध्ये छापली होती. म्हणजे प्रश्न आधी आला आणि सोपं उत्तर यायला चाळीसेक वर्षं लागली. मामा या उत्तरानंतरच्या काळात ट्रकवरून पडले, एवढंच त्यांचं नशीब.

तिसऱ्या रस्त्यालाही टोल आहे. स्टेंट ग्राफ्टची किंमत लाखांत जाते. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक महत्त्वाची धमनी बऱ्याचदा डावीकडून, छातीच्या खालच्या भागातूनच निघते. अस्तर लांबलचक लावलं तर तिचं तोंड झाकलं जाऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून ते शक्य तितकं आखूड ठेवतात. हे डॉक्टरांनी लपवलं नाही, स्वच्छ सांगितलं. मामी उठून बाहेर गेली. तिचं किल्लारी पुन्हा समोर आलं होतं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “तुमचा सख्खा भाऊ असता तर?” मणक्याचे सर्जन म्हणाले की भाऊ पंच्याहत्तरीचा असता तर थांबलो असतो, बावन्न वर्षांचा असता तर काढला असता. पुढची पंचवीस वर्षं रोज लाख ठोके त्या टोकावर कशाला मोजत बसायचं? शिवाय चार वर्षांत हाड पक्कं जुळलं होतं, आता तो स्क्रू कामाचा उरलाच नव्हता. मामा आडतीत मुरलेले. त्यांना हिशोब कळला.

आणि मग एक भन्नाट अडचण आली. स्क्रू काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो! तोही त्याच कंपनीचा, कारण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याचा खाचा वेगळा असतो. पहिल्या हॉस्पिटलाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘स्क्रू आणि रॉड बसवले’ एवढंच. कंपनी नाही, साइज नाही. ऑपरेशनची सविस्तर नोट मागितली, तर जुनं रेकॉर्ड शोधावं लागेल असं उत्तर. देगलूरला मामीच्या जावेला फोन गेला. कपाटात पैठणीचा एक रिकामा बॉक्स होता. त्यात मामीनं २०१९ चा प्रत्येक कागद ठेवला होता, अगदी कँटीनच्या चहाच्या पावतीसकट! तिथे इम्प्लांटचं बिल सापडलं आणि त्यावर चिकटवलेले छोटे स्टिकर. कंपनी, जाडी, लांबी, बॅच नंबर. फोटो दहा मिनिटांत हैदराबादला. सर्जन म्हणाले, “यांचं अर्धं ऑपरेशन तुम्हीच केलंत.” मामी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

ऑपरेशन उजव्या कुशीवर झोपवून झालं, म्हणजे पाठही हाताशी राहते आणि डावी जांघही. नळी वर गेली, मिटलेली छत्री जागेवर थांबली, मागून रॉड सोडवून तो एक स्क्रू फिरवत फिरवत बाहेर काढला. डाय सोडला. पडद्यावर महाधमनीच्या कडेला धुराच्या रेघेसारखी एक बारीक रेघ दिसली. म्हणजे भोक होतं. इतके दिवस खरंच स्क्रूचं बूच बसलेलं होतं. छत्री उघडली. पुन्हा डाय सोडला, रेघ गायब. हे सगळं आम्हाला नंतर सांगितलं. बाहेर आम्हाला फक्त भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. संध्याकाळी आयसीयूत मामांनी दोन्ही पायांचे अंगठे हलवून दाखवले. मामीनं ते दोनदा हलवायला लावले.

आता वर्षाला एक स्कॅन. अस्तर सरकलं नाही ना, कुठून झिरपत नाही ना, हे बघायला. हे आयुष्यभर. कंबरेला पट्टा नाही, पथ्य नाही, पण ब्लड प्रेशरची गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

तुमच्यापैकी कुणाला उद्या मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, तर घाबरून ते टाळू नका. असं रक्तवाहिनीला लागणं दुर्मिळ आहे. आणि पाठदुखीच्या बहुतेकांना ऑपरेशनच लागत नाही. पण चार गोष्टी विचारायला लाजू नका. स्क्रू कशाच्या आधारानं बसवणार, सी-आर्म की नेव्हिगेशन? नंतर जागा तपासायला सीटी करणार का? रक्तवाहिन्यांचा सर्जन गरज पडली तर उपलब्ध आहे का? आणि इम्प्लांटचे स्टिकर मला मिळतील ना? ऑपरेशननंतर अचानक पोट फुगणं, चक्कर येऊन बीपी पडणं, एक पाय गार पडणं, किंवा काही आठवड्यांनी पायाला सूज आणि धाप... हे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडायचे प्रकार नाहीत. सरळ हॉस्पिटल. आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये स्क्रूबद्दल एखादी ओळ दिसली, तर ती घेऊन दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांकडे जा. ‘काढा’ हेच उत्तर मिळेल असं नाही. पण ‘राहू द्या’ हे उत्तरही नीट बघून दिलेलं असावं, फोनवरून नव्हे.

मामांचा मूळ सवाल मला अजून पूर्ण चुकीचा वाटत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी धडधाकट माणसानं टेबलावर झोपायचं, ही सोपी गोष्ट नाही. धीर लागतो. आजारी माणसापेक्षा जास्त.

देगलूरच्या आडत बाजारात हल्ली कुणी एमआरआयचं पाकीट घेऊन दुकानात आलं, की मामा त्याला आधी पाणी देतात, मग विचारतात, “ऑपरेशन झालं म्हणता... बिल ठेवलंय का? स्टिकर?”